‘बॉम्बे नर्सिंग’ची तपासणी

महाराष्ट्रात खाजगी नर्सिंग होम चालवायचे तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. कायदा झाला तेव्हा तो मुंबई प्रांताचा होता. आता त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे. पण डॉक्टरांच्या आणि पालिकेतल्या कारकुनांच्या तोंडी तो अजून ‘बॉम्बे नर्सिंग’च आहे. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा म्हणजे नर्सिंग होम, आणि त्यात प्रसूतिगृहही आले, अशी कायद्याची व्याख्या आहे. गल्लीतले चार खाटांचे प्रसूतिगृह आणि काचेच्या दर्शनी भिंतींचे मोठे खाजगी रुग्णालय, दोन्ही या एकाच व्याख्येत बसतात. त्यांची तपासणी कोणी करायची, काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, हे या कायद्याने ठरवले. पुढच्या पाऊणशे वर्षांत त्यावर इतर कायद्यांचे थर चढत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मुंबई-पुण्यात आजारपण आणि बाळंतपण दोन्ही घरातच होत. इस्पितळ म्हणजे सरकारी किंवा दानशूर शेटजींच्या देणगीतून उभे राहिलेले, आणि तिथे जायचे ते नाइलाजाने. बाळंतपणाच्या बाबतीत हे चित्र आधी पालटू लागले. १८८६ साली मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच होत्या. त्याच सुमारास डॉ. तेमुलजी नरिमन यांनी पारशी स्त्रियांसाठी सूतिकागृह काढले. घरातल्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत बाळंतीण सुवारोगाने दगावते, हे त्यांना रोज दिसत होते.

१८९६-९७ च्या प्लेगने खाजगी इस्पितळांचा आणि सरकारी देखरेखीचा प्रश्न एकदमच पुढे आणला. सरकारी प्लेग इस्पितळात जायला लोक तयार नव्हते, म्हणून मुंबईत जाती-जमातींनी आपापली इस्पितळे उघडली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले. पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी सोय केली, आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. ही इस्पितळे चालली ती प्लेग अधिकाऱ्यांच्या नजरेखाली. मात्र ती देखरेख साथीपुरती होती. साथ ओसरली तशी तीही गेली, आणि मागे कायमची यंत्रणा राहिली नाही.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत सरकारने जागांकडे न पाहता माणसांकडे पाहिले. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. परिचारिका, सुईणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३५ साली आला. म्हणजे इलाज करणारा आणि शुश्रूषा करणारी कोण हे सरकार विचारू लागले; हे काम चालते कुठे, हे विचारायचे अजून बाकी होते. तोवर शहरांत खाजगी प्रसूतिगृहे आणि छोटी इस्पितळे वाढली होती. गिरगाव, दादर, माटुंगा अशा मध्यमवर्गीय वस्त्यांतली बाळंतपणे हळूहळू तिकडे जाऊ लागली.

१९४९ च्या कायद्याचा साचा इंग्लंडमधून आला. तिथे १९२० च्या दशकात नर्सिंग होम म्हणजे बहुधा एखाद्या राहत्या घरात चालणारी जागा असे. पैसे भरणारे रुग्ण तिथे येत, शस्त्रक्रियाही तिथेच होत, आणि बरे होण्याची आशा नसलेले वृद्धही तिथेच पडून असत. परिचारिकांच्या संघटनेने या जागांच्या अवस्थेबद्दल बराच आवाज उठवला. १९२६ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. तिच्यापुढे अप्रशिक्षित बायकांच्या हाती सोपवलेल्या रुग्णांच्या आणि अपुऱ्या, अस्वच्छ जागांच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी प्रसूतिगृहांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि १९२७ मध्ये सर्व नर्सिंग होमसाठी नोंदणी कायदा आला. मुंबई प्रांताचा कायदा बावीस वर्षांनी झाला, पण त्याची कलमे या इंग्रजी कायद्याशी जागोजाग शब्दशः जुळतात. जुळणी एवढी जवळची आहे की इंग्लंडातल्या मध्यमवर्गाची त्या काळची काळजी मुंबईच्या कायद्यात जशीच्या तशी उतरली.

ती काळजी तीन ठिकाणी दिसते. पहिली परिचारिकेबद्दलची. अर्ज नाकारण्याची जी कारणे कायद्यात दिली आहेत त्यांत चालकाची लायकी आणि जागेची योग्यता यांच्या जोडीला एक कारण असे : नर्सिंग होमची व्यवस्था तिथेच राहणाऱ्या पात्र डॉक्टरकडे किंवा पात्र परिचारिकेकडे नसेल, किंवा शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारता येते. प्रसूतिगृहासाठी नोंदणीकृत सुईणीची अट वेगळी. नर्सिंग होमचा कणा परिचारिका आहे, हे कायद्याने असे स्पष्ट मानले होते. ‘योग्य प्रमाण’ म्हणजे किती, याचा आकडा मात्र मूळ कायद्यात घातला नाही. तो ठरवणे अधिकाऱ्यावर आणि पुढच्या नियमांवर सोडले. तपासणीच्या पुढच्या इतिहासातले बरेचसे घोळ या मोकळ्या सोडलेल्या जागेतून निघाले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी काळजी नवजात बाळांची. प्रसूतिगृहाने कोणत्या नोंदी ठेवायच्या याचे उपनियम करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला दिला आहे. त्यात गर्भपात, मृत जन्म आणि जन्मलेली मुले यांच्याबरोबर आणखी एक नोंद सांगितली आहे. आईवडील, पालक किंवा नातेवाईक यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हाती जे बाळ गेले असेल त्याची ही नोंद. अविवाहित मातांची मुले गुपचूप दुसऱ्याच्या हवाली करण्याचा जो धंदा इंग्लंडात चाले, त्याला आळा घालणारे हे कलम. मुंबईतही ते निरुपयोगी नव्हते.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्याच्या हद्दीची. आरोग्य अधिकाऱ्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला नोंदणीकृत नर्सिंग होममध्ये, आणि जिथे विनानोंदणी नर्सिंग होम चालते असा वाजवी संशय असेल तिथेही, शिरून जागा आणि नोंदवह्या पाहता येतात. पण रुग्णाचे वैद्यकीय कागद पाहण्याचा अधिकार या कायद्याने मिळत नाही, असे त्याच कलमात बजावले आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातली गुप्तता राखायची हा त्यामागचा हेतू. त्याचा परिणाम असा झाला की तपासनिसाला भिंतीची ओल, खाटांमधले अंतर, संडासांची संख्या दिसे. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांच्या जखमा चिघळल्या हे त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राही. गुणवत्ता म्हणजे जागा आणि हजेरीपट, हे समीकरण इथे पक्के झाले.

सरकारची आणि पालिकांची स्वतःची रुग्णालये या कायद्यातून वगळली होती. शिक्षाही जुन्या चालीची. विनानोंदणी नर्सिंग होम चालवल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा सापडल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नोंदणी रद्द करायची तर महिनाभर आधी नोटीस देणे, चालकाचे म्हणणे ऐकणे आणि त्याला राज्य सरकारकडे अपील करू देणे बंधनकारक होते. चालकावर अन्याय होऊ नये म्हणून घातलेली ही तरतूद रास्तच होती. पण तिच्यामुळे एखादी जागा धोक्याची आहे हे दिसूनही ती त्या दिवशीच बंद करणे या कायद्याच्या बळावर जमत नसे.

कायदा आला, पण त्याची हद्द मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती राहिली. त्याखालचे महाराष्ट्राचे नियम १९७३ साली झाले. मधल्या काळात पालिकेची आरोग्य खाती मुख्यतः नोंदवह्या आणि नूतनीकरण सांभाळत होती. पन्नास आणि साठच्या दशकांतल्या नर्सिंग होमची एक ठरावीक मांडणी होती. नवरा-बायको दोघे डॉक्टर, खाली दवाखाना आणि आठ-दहा खाटा, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. व्यवस्थापकाने तिथेच राहायला हवे ही कायद्याची अट अशा जोडप्यांकडून आपोआप पाळली जाई. रात्री दोनला बाळंतीण आली तरी डॉक्टरीण जिना उतरून हजर, ही त्या नर्सिंग होमची खरी सुरक्षितता होती. ती कोणत्याही तपासणी अहवालात लिहिलेली सापडत नाही. परिचारिकेची अट मात्र तिथेही बहुधा कागदावर पुरी होई. वॉर्डात प्रत्यक्ष काम करायच्या त्या डॉक्टरांनीच शिकवून तयार केलेल्या मुली आणि मावश्या.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत हे चित्र बदलले. वैद्यकीय शिक्षण वाढले आणि १९८० नंतर राज्यात खाजगी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. सोनोग्राफीसारखी यंत्रे आली आणि नर्सिंग होम हा चांगला चालणारा व्यवसाय झाला. मुंबईत जागा महाग, त्यामुळे निवासी इमारतीतले दोन-तीन ब्लॉक एकत्र करून शस्त्रक्रियागृह थाटणे सर्रास सुरू झाले. चिंचोळे जिने, स्ट्रेचर न मावणारी लिफ्ट, गॅलरी बंदिस्त करून घातलेल्या खाटा, हे सगळे याच काळातले.

या अवस्थेकडे लक्ष वेधले ते न्यायालयामुळे. जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्णांचा मृत्यू झाला होता, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध तपासणी यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली होती. इस्पितळात जीव सुरक्षित आहे का, हा प्रश्न शहरात जागा झालेलाच होता. १९९० च्या सुमारास एका खाजगी नर्सिंग होममधल्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला. महापालिका नोंदणी कायदा राबवतच नाही, अशी त्यात तक्रार होती. न्यायालयाने समिती नेमली आणि समितीने शहरातल्या काही नर्सिंग होमची प्रत्यक्ष पाहणी केली. पात्र परिचारिकांची वानवा, निवासी इमारतींत कोंबलेल्या खाटा, सोयी नसलेली शस्त्रक्रियागृहे आणि वर्षानुवर्षे नूतनीकरण न झालेल्या नोंदण्या, असे त्या पाहणीत दिसले. १९४९ चा कायदा चाळीस वर्षे पुस्तकात होता, पण त्याचा तपासनीस रस्त्यावर फारसा दिसला नव्हता, हे यातून उघड झाले. सुनील नंदराज यांनी १९९४ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये या विषयावर लिहिले. पुढे त्यांनी आणि रवी दुग्गल यांनी ‘सेहत’ या संस्थेतर्फे सातारा जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांच्या आणि रुग्णालयांच्या भौतिक सोयींची पाहणी केली. शहरात निदान कायदा होता, ग्रामीण भागात तोही नव्हता. कायदा सगळ्या राज्याला लागू व्हायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. त्यानंतर महानगरपालिकेच्या हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग आणि इतरत्र मुख्यतः जिल्हा शल्यचिकित्सक अशी कामाची वाटणी रूढ झाली.

दरम्यान दुसऱ्या कायद्यांचे तपासनीस नर्सिंग होमच्या दारात येऊन उभे राहिले होते. १९७१ च्या गर्भपात कायद्याने गर्भपाताच्या जागेला वेगळी मान्यता लागू लागली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. हा निर्णय म्हणजे तपासणी नव्हती, पण रुग्णाचे कागद नीट ठेवण्याची सवय त्याने जेवढी लावली तेवढी कोणत्याही निरीक्षकाने लावली नसेल. १९९८ पासून जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. पिवळ्या, लाल पिशव्या, सुया तोडायचे यंत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हा तपासणीचा नेहमीचा भाग झाला.

या सर्वांत कडक तपासणी ठरली ती गर्भलिंगनिदानाची. महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा, १९८८ साली, प्रसूतिपूर्व निदानतंत्रांवर नियमन आणले. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ ही संस्था आणि संशोधक साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २००३ च्या दुरुस्तीने कायद्याला धार आली. इथे १९४९ च्या कायद्याच्या अगदी उलट मार्ग धरला गेला. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ फॉर्म’ भरायचा, आणि अधिकारी तोच फॉर्म उघडून बघणार. त्यात त्रुटी सापडली तर यंत्राला सील. जुन्या कायद्याने झाकून ठेवलेला रुग्णाचा कागद या कायद्यात पुरावा झाला. डॉक्टरांच्या संघटनांनी लेखनिकाच्या चुकीला गुन्हा ठरवल्याबद्दल तक्रार केली आणि तिच्यात तथ्यही होते. पण फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्यांखेरीज या गुन्ह्याचा दुसरा माग क्वचितच सापडतो, हेही तितकेच खरे.

या तपासणीच्याही डोळ्याआड बरेच राहिले, हे मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला दिसले. बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाल्यावर पोलिसांच्या तपासात १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. गावातल्या एका खाजगी रुग्णालयात हा उद्योग चालत होता. त्यानंतर राज्यभर नर्सिंग होमची विशेष तपासणी मोहीम झाली. तालुक्या-तालुक्यात पथके फिरली आणि विनानोंदणी जागांना नोटिसा गेल्या. घटना घडली की मोहीम, मोहीम संपली की नूतनीकरणाचा नेहमीचा संथ कारभार, ही रीत इथेही मोडली नाही.

आगीच्या तपासणीचा कायदा मात्र दुर्घटनेची वाट न पाहता आला होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा. आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा अशी त्यात पद्धत आहे. म्हणजे इथे तपासणीचे काम सरकारने खाजगी संस्थेकडे दिले, आणि ती संस्था पैसे घेते ते ज्याची तपासणी करायची त्या इमारतमालकाकडून. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात सुमारे नव्वद जण मुख्यतः धुराने गुदमरून गेल्यावर ‘फायर एनओसी’वर, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यावर, सगळीकडे भर वाढला. जुन्या निवासी इमारतीतल्या नर्सिंग होमना ती मिळवणे अवघड होते, कारण दुसरा जिना बांधायला जागाच नसते. नोंदणीचे नूतनीकरण या दाखल्याला बांधल्यामुळे अनेक वर्षे चालू असलेली नर्सिंग होम अडकून पडली. काही बंद झाली, काहींनी मुदतवाढीवर दिवस काढले.

२०२१ हे वर्ष या बाबतीत फार वाईट गेले. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. हे सरकारी रुग्णालय, म्हणजे शुश्रूषागृह कायद्याच्या कक्षेबाहेरचे. मार्चमध्ये भांडुपच्या एका मॉलमधल्या खाजगी रुग्णालयात, एप्रिलमध्ये विरारच्या खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगी लागल्या आणि करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. उच्च दाबाच्या प्राणवायूने भरलेली खोली, रात्रंदिवस चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि क्षमतेपलीकडे जोडलेली उपकरणे हे नवे धोके होते. खाटांमधले अंतर मोजणाऱ्या जुन्या तपासणी तक्त्यात त्यांना रकाना नव्हता. त्यानंतर अग्निपरीक्षणाबरोबर विद्युत परीक्षण आणि प्राणवायू परीक्षणही मागितले जाऊ लागले.

त्याच वर्षी, १४ जानेवारीला, १९७३ च्या नियमांत मोठी दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, दरपत्रक दाखवणे, तक्रार निवारणाची सोय करणे, बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवणे अशा तरतुदी तीत आल्या. त्यामागे जन आरोग्य अभियानासारख्या गटांचा बराच पाठपुरावा होता. शिवाय २०२० मध्ये करोनाच्या काळात सरकारने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर नियंत्रण घेऊन दर ठरवून दिले होते आणि बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले होते, त्याचा अनुभव ताजा होता. तपासणीत पैशाचा हिशेब पहिल्यांदाच उघडपणे आला. दरपत्रक भिंतीवर लावले गेले, पण त्यातल्या दरांवर कायमचे नियंत्रण आले नाही.

केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांसाठी कायदा केला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. राज्याचा स्वतःचा मसुदा २०१४ च्या सुमारास तयार झाला आणि डॉक्टरांच्या विरोधामुळे तसाच राहिला. छोट्या नर्सिंग होमचा आक्षेप असा की मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाच्या मापाने दहा खाटांची जागा मोजली तर ती मोडेल आणि तालुक्याच्या गावात बाळंतपणाला जागा उरणार नाही. हा आक्षेप केवळ स्वार्थाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. विमा कंपन्या आणि सरकारी आरोग्य योजना ज्या ऐच्छिक मानांकनाकडे बघतात, ते ‘एनएबीएच’ याच काळात रुजले. जंतुसंसर्गाचे प्रमाण, औषधांतल्या चुका, रुग्ण पडण्याच्या घटना अशा १९४९ च्या कायद्याने न पाहिलेल्या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पण ते घेणारी बहुतेक मोठी रुग्णालये. छोट्यांना त्याचा खर्च आणि कागदपत्रांचा भार झेपत नाही.

इंग्लंडमध्ये हाच कायदा वेगळ्या दिशेने गेला. सरकारी आरोग्यसेवा आल्यावर तिथली नर्सिंग होम प्रामुख्याने वृद्धांची झाली, आणि १९८४ व २००० च्या कायद्यांनी तपासणी त्या अंगाने वाढली. आज तिथला ‘केअर क्वालिटी कमिशन’ प्रत्येक वृद्धसेवागृहाला श्रेणी देतो आणि अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध करतो. महाराष्ट्रात तसे झाले नाही, कारण वृद्धांची शुश्रूषा घरात सुनेच्या आणि मुलीच्या अंगावर राहिली. गेल्या वीसेक वर्षांत पुणे, मुंबई, नाशिकच्या बंगल्यांत आणि रो-हाऊसमध्ये अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी सशुल्क केंद्रे निघाली आहेत. नाकातल्या नळीने अन्न, लघवीची नळी, पाठीवरच्या जखमांचे ड्रेसिंग हे तिथले रोजचे काम, आणि ते करणाऱ्या बहुतेक मुली अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या. अशक्त माणसांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारी जागा ही व्याख्या या केंद्रांना लागू पडायला हरकत नसावी. पण त्यांतली अनेक केंद्रे वृद्धाश्रम म्हणून, विश्वस्त संस्था म्हणून किंवा नुसत्या दुकान परवान्यावर चालतात. धर्मादाय आयुक्त संस्थेचे हिशेब पाहतात, समाजकल्याण खाते अनुदानित वृद्धाश्रमांपुरते येते, आणि पालिकेचा वैद्यकीय आरोग्य अधिकारी ‘बॉम्बे नर्सिंग’ची पाटी जिथे आहे किंवा असायला हवी असे त्याला वाटते तिथेच जातो.